बँड सोडला, बरं केलं. पण आता गाणार काय?

बँड सोडून जाणाऱ्या गायकाचा निकाल आपण फार लवकर लावतो. व्होकलिस्ट सोलो जातोय एवढं कळलं की कट्ट्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हवा गेली बे त्याच्या डोक्यात." दुसरंही ठरलेलं, "बँडनं मोठं केलं अन् आता बँडच नको झाला." मग एखादा समजूतदार मित्र तिसरं वाक्य टाकतो, "चालतंच न यार, झेननं पण तेच केलं होतं." तिथे विषय संपतो आणि चहा येतो.

माझं म्हणणं असं की जाणं हा मुद्दाच नाही. लोक जाणारच. कॉलेजचा बँड म्हणजे काही सात जन्मांची गाठ नाही. ड्रमरची कॅम्पस प्लेसमेंट होते, बेसिस्टला पुण्यात एम.टेक. मिळतं आणि गिटारिस्टच्या घरी सीएच्या परीक्षेवरून युद्ध पेटतं. बँड अहंकारामुळे फुटतात ही आपली फिल्मी समजूत आहे. नागपुरातले निम्मे बँड जून-जुलैमुळे फुटतात. विचारायचा प्रश्न पुढचा आहे. गेलास, ठीक. आता पहिल्या अल्बममध्ये काय गाणार? जे चौघांत बसून गाता येत नव्हतं, असं तुझ्याकडे काय आहे? याचं उत्तर नसेल तर तो अल्बम नसतो, मुंबईला पाठवलेला बायोडेटा असतो.

झेनचं उदाहरण निघतंच, तर ते नीट घेऊ. झेन मलिकनं २५ मार्च २०१५ ला वन डायरेक्शन सोडलं. तेव्हा त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की मला एखाद्या साध्या बावीस वर्षांच्या मुलासारखं जगायचं आहे. (मी स्वतः बावीस वर्षांची आहे. साधं जगण्यात इतकं काही खास नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.) बरोबर एका वर्षानं, २५ मार्च २०१६ ला, 'माइंड ऑफ माइन' आला आणि ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. तारीख मुद्दाम निवडली होती हे उघड आहे. अल्बम वाईट नाही, मला आवडतो. पण तो ऐकताना सतत जाणवतं की तो बँडला उत्तर देतोय. मी तुमच्यासारखा नाही, मी मोठा झालोय, माझा आवाज असा आहे. घरातून भांडून निघालेल्या मुलाच्या पहिल्या भाड्याच्या खोलीसारखा तो अल्बम आहे. भिंतींना मुद्दाम काळा रंग.

दुसरं टोक म्हणजे बीटीएसच्या जंगकुकचा 'गोल्डन'. नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, सगळी गाणी इंग्रजीत. त्यानं बँड सोडलेलाही नव्हता. पण सोलो म्हणजे काय, याची आजची व्याख्या त्यातून दिसते. आणखी मोठं मार्केट, आणखी सगळ्यांना कळेल अशी भाषा. आपल्या इथल्या पोरांच्या डोक्यातही हाच नकाशा असतो. धरमपेठेतून पुणे, पुण्यातून मुंबई आणि मुंबईत हिंदी.

या दोन्हींच्या उलट दिशेला गेलेला एक माणूस आपल्या शेजारच्या राज्यात होता आणि त्याच्याबद्दल आपल्या पिढीला जवळपास काहीच माहीत नाही. रेमो फर्नांडिस. नाव ऐकल्यासारखं वाटतंय? 'बॉम्बे'मधलं 'हम्मा हम्मा' ज्याच्या आवाजात आहे तो. २०१७ च्या रिमेकवर आपण फ्रेशर्सला नाचलो, मूळ गाणं १९९५ चं. 'प्यार तो होना ही था'च्या टायटल साँगमधला पुरुषाचा आवाजही त्याचाच. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते १९८४ चं.

रेमो १९५३ चा. जन्मला तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं, ते गेलं १९६१ च्या डिसेंबरात. शाळेत त्याचा 'बीट फोर' नावाचा बँड होता. नाव ऐकूनच कळतं की पोरांवर कोणाचं भूत होतं. मग आर्किटेक्चर शिकायला मुंबईला जेजेमध्ये गेला आणि तिथे 'सॅव्हेजेस'मध्ये गायला, वाजवायला लागला. सॅव्हेजेस त्या काळातल्या मुंबईतला नावाजलेला बीट ग्रुप. म्हणजे आजच्या भाषेत पोरगा सेट होता. मुंबई, मोठा बँड, हातात डिग्री. नंतर युरोप-उत्तर आफ्रिकेत हातात गिटार घेऊन फिरला, तिथेही बँडमध्ये वाजवलं. परत आला तो मुंबईला नाही, गोव्याला. तिथेही 'इंडियाना' नावाचा फ्यूजन बँड काढला. आणि मग एकटा बसला, शिवोलीच्या घरात.

त्यातून १९८४ मध्ये आलेला पहिला सोलो अल्बम म्हणजे 'गोअन क्रेझी'. सगळी गाणी त्याची, सगळी वाद्यं त्यानं वाजवलेली, सगळे आवाज त्याचे, रेकॉर्डिंगही त्यानंच घरात केलेलं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. त्या काळात रेकॉर्ड कंपन्यांना हिंदुस्थानी पोरानं स्वतः लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांत फार रस नव्हता. इंग्रजी गायचं असेल तर बाहेरच्यांची गाणी गा, स्वतःचं गायचं असेल तर हिंदीत गा, असा एकूण मामला. कॅसेट तयार झाल्यावर त्या घेऊन तो आपल्या पिवळ्या स्कूटरवर गोव्यातल्या दुकानादुकानांत फिरला. चार इथे ठेवा, पाच तिथे ठेवा.

आता जरा त्या मशीनबद्दल सांगते, कारण लॅपटॉपवर वाढलेल्या आपल्याला त्यातली मेहनत कळत नाही. मशीनचं नाव पोर्टास्टुडिओ. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीनं ते बाजारात आणलं. आपली नेहमीची कॅसेट, पण तिच्यावर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करता यायचे. फक्त चार. ड्रम, बेस, गिटार घेतले की तीन संपले. मग कीबोर्ड, बासरी, कोरस कुठे घालायचे? तर पहिले तीन ट्रॅक मिक्स करून चौथ्यावर उतरवायचे, आधीचे तीन पुसून मोकळे करायचे आणि पुन्हा भरायचे. याला बाउन्स करणं म्हणतात. गंमत अशी की एकदा बाउन्स केलं की ड्रम थोडा कमी करू का, हा पर्याय संपला. शिवाय प्रत्येक वेळी टेपची खरखर वाढते. म्हणजे बेस वाजवतानाच तुम्हाला ठाऊक असायला हवं की सगळ्यात शेवटी येणारी बासरी किती मोठ्यानं वाजणार आहे. कंट्रोल झेड नाही, भाऊ.

आज आपल्यापैकी ज्याच्याकडे बरा फोन आहे, त्याच्याकडे रेमोच्या त्या खोलीपेक्षा जास्त ट्रॅक आहेत. बँडलॅब फुकट आहे. एका डिस्ट्रिब्युटरला वर्षाचे थोडे पैसे भरले की गाणं स्पॉटिफायपासून सगळीकडे पोचतं. स्कूटरला पेट्रोलही लागत नाही. तरीही नागपुरातून दरवर्षी जी सोलो गाणी येतात, त्यातली बहुतेक ऐकून मला ती कोणत्या शहरातून आलीत हे ओळखता येत नाही. पाऊस, खिडकी, तू गेलीस, कॉफी थंड झाली. कोणत्या गावचा पाऊस बे हा? आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कूलर चालू असतो.

रेमोचं वेगळेपण मला इथे दिसतं. त्याच्या गाण्यांत टेलिफोन लागत नाही म्हणून चिडलेला माणूस आहे, गोव्यातले रस्ते, गोव्यातली माणसं, त्यांची थट्टा आणि त्यांचा राग आहे. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा त्यांच्यासमोर त्यानं त्यांनाच उद्देशून गाणं गायलं आणि त्यात गोव्याचे प्रश्न मांडले, त्यावरून मोठा गदारोळही झाला. इंग्रजीत गात होता म्हणून त्याला कोणी परका म्हटलं असेल, पण त्याची गाणी दुसऱ्या कुठल्या गावात लिहिली गेलीच नसती. मुंबईच्या बँडमध्ये राहून शिवोलीबद्दल गाणं त्याला कदाचित जमलंही नसतं. बँड चार जणांचा असतो आणि चौघांना पटेल ते सहसा कोणाच्याच गावचं नसतं.

थोडं थांबून हेही सांगायला हवं की या गोष्टीला फार गुलाबी करू नका. रेमोकडे घर होतं. हातात आर्किटेक्टची डिग्री होती. गोव्यात चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकवायची जुनी परंपरा आहे, घरोघरी व्हायोलिन असतं आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट विकत घेणारे पर्यटकही होते. धरमपेठेत टू बीएचके फ्लॅटमध्ये, बारावीतल्या बहिणीचा अभ्यास चालू असताना, ड्रम कसे रेकॉर्ड करायचे हा प्रश्न त्याला पडला नव्हता. आणि तोही आयुष्यभर स्कूटरवर राहिला नाही. 'पॅक दॅट स्मॅक'पर्यंत सीबीएससारखी मोठी कंपनी त्याच्याकडे आली, १९८७ मध्ये 'जलवा'च्या टायटल साँगनं तो हिंदीत पोचला, पुढे 'ओ मेरी मुन्नी' झालं, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. गेला तो हिंदीतही. फक्त आधी काय केलं आणि मग काय, हा क्रम बघा.

एकट्यानं सगळं वाजवण्याचाही मला फार पुळका नाही. आपल्याकडे 'वन मॅन बँड' म्हटलं की टाळ्या पडतात. पण ड्रमर हा प्राणी यासाठी असतो की तो तुम्हाला "हे बोअर होऊन राहिलं" असं तोंडावर सांगतो. मशीन सांगत नाही. घरात एकट्यानं केलेल्या रेकॉर्डिंगचा मोठा धोका आवाजाच्या क्वालिटीचा नसतोच, नाही म्हणणारं कोणी खोलीत नसतं हा असतो. जॉर्ज मायकलनं 'व्हॅम'नंतर १९८७ मध्ये 'फेथ' काढला तेव्हा बरंचसं स्वतःच लिहिलं, वाजवलं, प्रोड्युस केलं. ते जमलं, कारण बँडमध्ये असतानाही गाणी लिहिणारा मुख्यतः तोच होता. आपल्या बँडमध्ये गाणी कोण लिहीत होतं, हे सोलो जाण्याआधी व्होकलिस्टनं प्रामाणिकपणे आठवून बघावं.

आणि इथे एक गोष्ट येते जी आपल्या कॉलेजच्या बँडमध्ये कोणीच बोलत नाही. माझ्या ओळखीच्या एका बँडमध्ये तीन वर्षांत सहा ओरिजिनल गाणी झाली. व्होकलिस्टनं बँड सोडला आणि त्यातलंच एक गाणं स्वतःच्या नावावर रिलीज केलं. चाल गिटारिस्टची होती, शब्द दोघांचे. आता तिघं एकमेकांशी बोलत नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोणीही नाही आणि गाणं मात्र रीलवर फिरून राहिलं. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण कायदा काय म्हणतो, ते एकालाही माहीत नव्हतं.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे चालीचा मालक चाल लावणारा, शब्दांचा मालक लिहिणारा आणि रेकॉर्डिंगचा मालक ज्यानं ते करवून घेतलं तो प्रोड्युसर. गाणाऱ्याला परफॉर्मर म्हणून हक्क असतात, पण नुसतं गायल्यानं गाणं त्याचं होत नाही. म्हणजे बँडचा चेहरा असलेला व्होकलिस्ट बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर फक्त त्याचा आवाज जातो. २०१२ च्या दुरुस्तीनं लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला की सही करूनही तो कोणाला कायमचा देऊन टाकता येत नाही. त्याची वसुली आयपीआरएस ही सोसायटी करते, गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इसरा) आहे. विशीतल्या पोरांना हे शब्द कंटाळवाणे वाटतात, मलाही वाटले. पण पहिल्या प्रॅक्टिसच्या दिवशी वहीच्या एका पानावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, बँड फुटला तर नाव कोणाकडे, एवढं लिहून चौघांनी सह्या केल्या असत्या, तर हे तिघं आज निदान लक्ष्मीभुवन चौकात समोरासमोर आल्यावर रस्ता बदलत नसते.

पैशांचं काय, असं विचाराल. पैसे फार नाहीत. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचे पैसेच मोजले जात नाहीत. नव्या पोराला मित्र, मावशी, मामेभाऊ धरून हजार गाठणंही सोपं नाही. म्हणून पहिल्या अल्बमकडून भाडं निघेल ही अपेक्षा धरू नका. टीव्हीनं बनवलेल्या बँडचंही काही वेगळं झालं नाही. २००२ मध्ये चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स'मधून 'व्हिवा' आला, पुढच्या सीझनमधून 'आस्मा'. अख्खा देश ओळखायचा आणि थोड्याच वर्षांत दोन्ही संपले. नंतर आस्माच्या वसुदा शर्मानं स्वतःचा अल्बम काढला तो लोकांकडून वर्गणी गोळा करून, क्राउडफंडिंगनं. टीव्हीनं दिलेले लाखो प्रेक्षक वेगळे आणि गाण्यासाठी खिशात हात घालणारे थोडे लोक वेगळे, हे त्यातून कळतं. रेमोच्या स्कूटरचा अर्थ मला तोच लागतो. कॅसेट कोणत्या दुकानात संपली, कोणत्या दुकानात धूळ खातेय, हे त्याला स्वतःला दिसत होतं.

आपल्याकडे ही स्कूटर नव्हती असं कोणी म्हणू नये. 'इंडी' हा शब्द कॅफेंच्या भिंतीवर यायच्या कितीतरी आधीपासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या बरोबरीनं भीमगीतांच्या कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह विकले गेलेत. छोट्या कंपन्या, स्वतः लिहिणारे-गाणारे लोक, थेट ऐकणाऱ्याच्या हातात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात, त्यात गाणी असतात आणि लोक तिकीट काढून येतात. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांना मुंबईच्या लेबलची वाट बघावी लागली नाही. आणि अमरावतीचा हंड्रेड आरबीएच, सौरभ अभ्यंकर, मुंबईच्या 'स्वदेशी' ग्रुपमध्ये राहूनही स्वतःचं गाऊन राहिला आहे आणि त्याच्या बोलण्यातून विदर्भ गेलेला नाही. म्हणजे ग्रुप सोडावाच लागतो असंही नाही. ज्याला सांगायचंय त्याला दोन्हीकडे जागा सापडते.

मग आपल्या धरमपेठ-गोकुळपेठेतल्या गिटारवाल्यांना जागा का सापडत नाही? एक कारण कॅफे आहेत. शनिवारी संध्याकाळी गायला बोलावतात, पण दोन तासांत अरिजितची पंधरा, किशोरदांची पाच आणि "स्वतःचं एखादं म्हण शेवटी" असा हिशेब असतो. शेवटी म्हणजे लोक बिल मागत असतात तेव्हा. कॉलेज फेस्टमध्ये जजचे मार्क कव्हरला जास्त पडतात, कारण तुलना करायला सोपं जातं. मी कॅफेवाल्यांना पूर्ण दोष देणार नाही, त्यांना टेबलं भरायची आहेत. पण फेस्ट आपण चालवतो. नियम आपण लिहितो. एक ओरिजिनल गाणं सक्तीचं, एवढी ओळ नियमांत टाकायला कोणाची परवानगी लागते?

दुसरं कारण आपण ऐकणारे आहोत. गाण्यात 'काऊन' आलं की आपण हसतो. कॉमेडी रील वाटते. आपली बोली विनोदासाठी आणि प्रेम हिंदीत, ही वाटणी आपणच केली आहे. डिसेंबरात अधिवेशनामुळे अर्धं शहर बॅरिकेडच्या मागे जातं, मोर्चे येतात, आपण बर्डीवर अडकतो. मे महिन्यात दुपट्टा बांधून पंचेचाळीस अंशांत स्कूटी चालवतो. फुटाळ्यावर अर्ध्या शहराची भांडणं आणि पॅचअप झालेत. टेलिफोन लागत नाही यावर गाणं होऊ शकतं, तर यावर का नाही?

वर ज्या व्होकलिस्टबद्दल लिहिलं, तो सध्या रामनगरमधल्या खोलीत पाच गाण्यांचा ईपी रेकॉर्ड करतोय. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद ठेवून. मला त्यानं दोन गाणी पाठवली. पहिल्यात खिडकी आहे, पाऊस आहे, कॉफीही आहे. दुसऱ्यात त्याच्या वडिलांचं इतवारीतलं दुकान बंद होतंय आणि शटर ओढताना वडील काहीच बोलत नाहीत. दुसरं हिंदी-मराठी मिक्स आहे, एका ठिकाणी सूर चक्क घसरलाय. रिलीज कोणतं करू, असं त्यानं विचारलंय. मी दुसरं सांगितलंय. आणि त्याची चाल नेमकी कोणाची आहे, हेही विचारून ठेवलंय.